राहणारीचं उत्तर

लूपेची चूक एका शब्दाची होती, आणि ती तिने सभ्यपणे वागायच्या नादात केली.

बेटावर निरोपाचे शब्द दोन. निघणारा म्हणतो, "नोफो आ", म्हणजे राहा. मागे राहणारा उत्तर देतो, "अलू आ", म्हणजे जा. बोबडं बोलणारं पोरसुद्धा यात चुकत नाही, कारण आपण निघालोय की थांबलोय हे ज्याचं त्याला कळतं. लूपे मात्र ऑकलंडमध्ये जन्मली, तिथेच सोळा वर्षांची झाली, आणि तिथे जाणारा आणि राहणारा दोघंही 'बाय' म्हणून मोकळे होतात. आईबापांची भाषा तिला समजे थोडी आणि बोलता येई त्याहून थोडी.

तिला बेटावर धाडलं होतं माणसात आणायला. शाळेत मारामारी, मग शाळेला दांड्या, मग एका दुकानातून उचललेली लिपस्टिक. बापाने हाय खाऊन थोरल्या बहिणीला फोन लावला. वायोलेती आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पाठव इकडे. डिसेंबरात परत येईल तेव्हा ओळखणार नाहीस."

आत्याच्या शब्दापुढे त्या घराण्यात कुणाची टाप नव्हती. भाऊ कितीही मोठा होऊ दे, परदेशात बंगला बांधू दे, बहिणीचा मान वरचा. लूपेचं नावही रिवाजाप्रमाणे आत्यानेच ठेवलं होतं. ते तिच्या धाकट्या बहिणीचं होतं. ती बहीण सोळाव्या वर्षी वारली होती.

पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात आत्याने खराटा घेतला, एसेताच्या हातात पांढऱ्या वाळूची बादली दिली आणि लूपेला म्हणाली, "चल, नावाच्या मालकिणीला भेटून येऊ."

एसेता आत्याची मुलगी. लूपेपेक्षा वर्षाने मोठी, जिभेने दहा वर्षांनी. वाटेत पेसी म्हातारीचं घर लागलं. पेसी पाल्याचं औषध द्यायची. ती ओट्यावर चटईसाठी केतकीची पानं चिरत बसली होती. आत्या तिच्याशी चार शब्द बोलली आणि निघताना म्हणाली, "नोफो आ, पेसी."

"अलू आ, अलू आ," पेसीने मान न उचलता उत्तर दिलं.

"बाय," लूपे म्हणाली.

एसेताने तिला चिमटा काढला. "बाय काय, बाय? गावात हसतील की. नीट ऐक, मडमे. समोरचा 'नोफो आ' म्हणाला की आपण म्हणायचं 'अलू आ'. बस. पोपटालासुद्धा येतं."

"आणि कुठलं कधी?"

"ते नंतर. आधी एवढं पाठ कर."

लूपेने पाठ केलं. नोफो आ, अलू आ. नोफो आ, अलू आ. दफनभूमी येईपर्यंत ती ते पुटपुटत होती.

दफनभूमी समुद्राच्या अंगाला, चाफ्याच्या झाडांखाली. पांढऱ्या वाळूचे उंचवटे, कडेने काळे गुळगुळीत खडे, डोक्याशी लाकडी चौकटीवर ताणलेल्या रंगीत गोधड्या. थोरल्या लूपेची गोधडी उन्हाने विटली होती. पाटीवर नाव मात्र ठळक होतं. आपलं नाव कबरीवर वाचताना लूपेच्या अंगावर काटा आला. आत्याने खराट्याने पाला काढला, एसेताने नवी वाळू ओतली, लूपेने ती हाताने सारखी केली. वाळू वरून तापलेली होती आणि बोट जरा खोल गेलं की थंड.

आत्या कबरीशी शेजारणीशी बोलावं तशी बोलत होती. "ही बघ, सेमीसीची पोर. तुझंच नाव दिलंय. नाक तेवढं आईवर गेलंय, त्याला माझा इलाज नाही." मग तिने खराटा उचलला, लुंगी झटकली आणि निघताना म्हणाली, "नोफो आ, लूपे."

लूपे मागेच उभी होती. तिचं नाव घेतलं गेलं होतं, आणि पाठ केलेलं तिला नीट आठवत होतं.

"अलू आ," ती म्हणाली. स्पष्ट, सुरात, हसून.

एसेता फिस्सकन हसली आणि मधेच थांबली. आत्या वळली. तिने आधी कबरीकडे बघितलं, मग लूपेकडे.

"तुला कुठे म्हटलं होतं मी?" ती हळू आवाजात म्हणाली. त्यात राग नव्हता. लूपेला तो राग परवडला असता.

परतताना आत्या पायवाटेच्या अगदी कडेने, गवतातून चालत होती. वाट रुंद होती, मोकळी होती. तरी तिने आपल्या शेजारी एका माणसाला पुरेल एवढी जागा सोडली होती.

*

पुढचे महिने इतर पोरींचे जातात तसेच गेले. सकाळी अंगण झाडायचं, डुकरांना घालायचं, केसांच्या दोन घट्ट वेण्या घालून फिती बांधायच्या आणि गणवेशावर विणलेला कमरपट्टा चढवून शाळेत जायचं. आत्याचा पहिल्या दिवसापासूनचा दंडक होता की दिवस कलला की केस मोकळे सोडून फिरायचं नाही. दुपारी नारळ खवायचा, बायकांच्या टोळीत बसून कापडासाठी झाडाची साल मोगरीने बडवायची. रविवारी पहाटे भट्टी पेटवायची, अळूच्या पानात मांस आणि नारळाचं दूध बांधून ती पुरचुंडी तापल्या दगडांत पुरायची, चर्चला जायचं, परत येऊन जेवायचं आणि सगळ्या गावाबरोबर आडवं व्हायचं. रविवारी दुपारी बेटावर कुत्रंही भुंकत नसे.

लूपेची भाषा सुधारली. काळ चुके, मानाचे शब्द चुकत, पण निरोपाचं उत्तर कधीच चुकलं नाही. शाळेच्या फाटकाशी एसेता रोज आपल्या वर्गाकडे वळताना ओरडायची, "नोफो आ, लूपे!" आणि लूपेच्या तोंडून श्वासासारखं यायचं, "अलू आ!" आपण थांबलेलो आहोत की निघालेलो, हे तेव्हा तिच्या मनातही येत नसे.

पहिली गोष्ट दुकानदारीण बोलली. लूपे साखर आणायला गेली होती.

"काय गं, गर्व झाला का? सकाळी धक्क्यावर हाक मारली तर बघितलंस पण नाही."

"मी शाळेत होते, बाई."

"शाळेत! केस सोडून बसली होतीस धक्क्याच्या कठड्यावर, बोटीची वाट बघत. वायोलेतीला सांगेन हं."

"मी नव्हते."

"मग काय माझे डोळे गेले?" दुकानदारीण बाकीच्या बायकांकडे बघून हसली. "ऑकलंडच्या पोरी. एक असतात का दोन, कळत नाही."

बायका हसल्या. लूपेही हसली. पण त्यानंतर बोट यायच्या दिवशी कुणी ना कुणी तिला हेच सांगे. चर्चमधल्या गायनमंडळाच्या बाई, जाळी विणणारे काका, वर्गातली मुलगी. दर वेळी धक्का, दर वेळी मोकळे केस. आणि दर वेळी लूपे दुसरीकडेच असे.

मग बॅग. लूपेने आल्या दिवशीच कपडे काढून फळीवर लावले होते आणि रिकामी बॅग खाटेखाली सरकवली होती. एका बोटीच्या दिवशी ती शाळेतून आली तर फळी मोकळी होती. बॅग दाराशी उभी होती, चेन लावलेली. आत तिचे कपडे, पण तिने कधी ठेवले नसते तसे. प्रत्येक कपड्याची चटईसारखी गुंडाळी, आणि प्रत्येक गुंडाळीत एक चाफ्याचं फूल. तळाशी पांढरी वाळू.

"एसेता!"

"काय बोंबलतेस?"

"माझ्या सामानाला हात लावायचा नाही. घालवायची घाई झालीय का तुला माझी?"

"मला हौस आली नाही तुझ्या चड्ड्या गुंडाळायची," एसेता म्हणाली. मग ती दारात आली, वाकून बॅगेत बघितलं, आणि तिचा चेहरा उतरला. "हे मी नाही केलं. खरंच नाही, लूपे. आईची शपथ."

लूपेने सगळं परत फळीवर लावलं. पुढच्या बोटीच्या दिवशी बॅग पुन्हा दाराशी होती.

या सगळ्यात एक आत्याच खुशीत होती. तिचा नवरा ऑस्ट्रेलियात फळं तोडायला गेलेला, घरात बोलायला कुणी मोठं माणूस नव्हतं, आणि तरी ती दिवसभर कुणाशी तरी बोलत असायची. सालीचं कापड रंगवताना ती गाऊ लागली होती. एसेता म्हणाली की तिने जन्मात आईला गाताना ऐकलं नव्हतं. जेवताना आत्या एक पान जास्त वाढी. त्यातलं कुणी खाल्लेलं दिसत नसे, पण डुकरांच्या बादलीतही ते कधी गेलं नाही.

एका दुपारी लूपे परसात नारळ खवत होती. आतून हाक आली, "लूपे!"

"आले, आत्या!" ती हात पुसत आत गेली.

आत्या चटईवर बसली होती, हातात कंगवा. तिने वर बघितलं. नजरेत माया होती, आणि ती लूपेवर येऊन थांबली तशी विझली.

"तुला नाही," आत्या म्हणाली.

*

"सांग मला," त्या दिवशी लूपे एसेताला म्हणाली. दोघी खाजणात भिजत घातलेली केतकीची पानं काढत होत्या. "ती कशाने गेली?"

एसेताने एक भारा ओढून काढला. "तापाने. मामा तेव्हा नुकताच ऑकलंडला गेलेला. त्याने तिला बोलावलं होतं, शिकायला. तिने बॅग भरली, आणि वादळामुळे बोट आली नाही. पुढची पण नाही. ताप चढत गेला. आई सांगते, शेवटपर्यंत ती बॅग दाराशी होती. रोज उघडायची, परत भरायची."

लूपेच्या हातातलं पान पाण्यात सुटलं.

"चूक माझी पण आहे," एसेता म्हणाली. "तुला अर्धंच शिकवलं. आई कबरीला 'राहा' म्हणाली. त्याचं उत्तर द्यायचं ते कबरीतल्या लूपेने. ती देत नाही, कारण ती मेलीय. म्हणून तर ती राहते. आणि तू मधेच..."

"मी नुसतं उत्तर दिलं!"

"तिच्या वतीने."

त्या दोघी पेसीकडे गेल्या. पेसीने लूपेला उताणं झोपवलं, पाला चुरगळला आणि त्याचा हिरवा रस तिच्या डोळ्यांत, नाकात पिळला. लूपे कळवळली. पेसी तोपर्यंत शांतपणे बोलत राहिली.

"झोंबतंय? बरं आहे. ज्याला झोंबतं तो अजून आपल्यातला. ऐक आता. कबरीतल्या माणसाचं उत्तर तू दिलंस. म्हणजे राहणारी तू. तू राहणार म्हटल्यावर ती मोकळी. एवढं साधं आहे हे."

"मग मी काय करू?"

"परत जाशील त्या दिवशी जाणारीचा शब्द तू बोल. सगळ्यांना बोल, मनापासून बोल. आणि राहणारीचा शब्द तोवर तोंडातून काढू नकोस. कुणीही म्हणू दे. एसेता म्हणू दे, पाद्री म्हणू दे. ओठ शिवून घे. बोट सुटली की सुटलीस."

"आणि नाही जमलं तर?"

पेसीने हात धुतले. "बोटीत जागा कितीही असू दे, पोरी. एका नावाची एकच जागा असते."

लूपेला त्या दिवसापासून एकच ध्यास लागला, घरी जाण्याचा. आपली खोली, बसस्टॉपवरच्या मैत्रिणी, स्वयंपाकघरात रेडिओला शिव्या घालणारी आई. आधी हे सगळं नुसतं आठवायचं. आता ते निसटत चाललंय असं वाटायचं. शाळेच्या फाटकाशी एसेताने ओरडणं बंद केलं. बाकीच्या पोरी मात्र ओरडत, आणि लूपे दात आवळून नुसता हात हलवी. शब्द घशापर्यंत येऊन थांबत असे.

"मडमेला गर्व चढला," पोरी म्हणत.

नोव्हेंबरात बापाचा फोन आला. आत्याने तो अंगणातच, आवाज मोठा करून घेतला. लूपे चटईवर बसून ऐकत होती.

"तिकीट काढू ना, अक्का?" बाप विचारत होता.

"नको," आत्या म्हणाली. "लूपे इथे सुखात आहे. इथेच राहू दे."

मग बाप म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं."

लूपेने फोन हिसकावला नाही. तिथे कुणीच तसं करत नाही, आणि वर्षभरात तीही तिथली झाली होती. ती उठली, घरात गेली आणि खाटेवर तोंड खुपसून रडली. खाटेखालची बॅग तिने बघितलीसुद्धा नाही.

ती बघितली आत्याने. दुसऱ्या दिवशी बोट होती. लूपे डुकरांना घालून आली तेव्हा आत्या दारात जमिनीवर बसली होती, बॅग मांडीवर घेऊन. तिने एक गुंडाळी सोडली होती, तिच्यातलं चाफ्याचं फूल तळहातावर होतं. ती रडत होती. मोठ्याने नाही, बायका मयतीला रडतात तसं गात-गात नाही. लहान मुलीला खेळातून काढून टाकल्यावर ती रडते तसं.

"मला वाटलं ती घरी आलीय," आत्या स्वतःशीच म्हणाली. "माझ्यासाठी. ती बोटीसाठी आली होती."

तिने फूल परत ठेवलं. कपडा पुन्हा गुंडाळला, अगदी तसाच. त्याच दिवशी तिने भावाला फोन लावला.

"तिकीट काढ," ती म्हणाली. "लूपे येईल."

लूपे आनंदाने तिच्या गळ्यात पडली. आत्याने तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. फार मायेने फिरवला.

एसेता भिंतीला टेकून उभी होती. "कुठली?" तिने विचारलं. पण तेवढ्यात चुलीवरच्या पातेल्याचं झाकण पडलं आणि तो प्रश्न कुणी ऐकला नाही, किंवा ऐकून सोडून दिला.

*

बोटीच्या दिवशी धक्क्यावर ऊन रणरणत होतं. चटयांच्या गुंडाळ्या, रताळ्यांची पोती, पाय बांधलेली डुकरं, गोठवलेल्या मासळीचे डबे. बोटीची लोखंडी फळी धक्क्यावर टेकलेली, तिच्यावरून माणसं वर चढत होती. लूपेने वेण्या घट्ट घातल्या होत्या. बॅग तिने सकाळपासून खांद्यावरून उतरवली नव्हती.

आत्याने चाफ्याचे दोन हार गुंफून आणले होते. एक लूपेच्या गळ्यात घातला. दुसरा तिच्या मनगटाला लटकत होता.

"तो कुणाला?" लूपेने विचारलं.

"असू दे," आत्या म्हणाली.

निरोप घ्यायला बरेच लोक आले होते. लूपेने बॅग पायाशी ठेवली, कारण प्रत्येकाच्या गालाला गाल लावायचा होता आणि खांद्यावरचं ओझं मधे येत होतं. मग ती एकेकाकडे गेली.

"नोफो आ," ती दुकानदारणीला म्हणाली.

"अलू आ गं. आता तरी हाक मारली की बघत जा."

"नोफो आ," गायनमंडळाच्या बाईंना. "अलू आ, लूपे." जाळीवाल्या काकांना. वर्गातल्या पोरींना. पेसीला.

"अलू आ," पेसी म्हणाली आणि तिचा हात दाबला. "छान. अगदी छान."

एसेताच्या गळ्यात पडताना दोघींनाही रडू आलं. "नोफो आ, भवाने," लूपे म्हणाली.

"अलू आ, मडमे," एसेता म्हणाली. "पोचलीस की फोन कर. विसरू नकोस मला."

शेवटी आत्या. "नोफो आ, आत्या."

आत्याने तिच्याकडे बघितलं. ओठ हलले, पण उत्तर आलं नाही. गर्दीत ऐकू आलं नसेल, असं लूपेला वाटलं. झालं होतं. जाणारीचा शब्द तिने बोलून झाला होता, सगळ्यांना, न चुकता. वर्षभर छातीवर बसलेलं काहीतरी उठलं. तिने मोकळा श्वास घेतला आणि बॅग उचलायला वाकली.

बॅग तिथे नव्हती.

तिने वर बघितलं. बॅग लोखंडी फळीवरून वर चालली होती, एका पोरीच्या खांद्याला. पोरीचे केस मोकळे होते, कमरेपर्यंत. गळ्यात चाफ्याचा हार. लूपेने आत्याच्या मनगटाकडे बघितलं. ते रिकामं होतं.

ती पोरगी वरच्या टोकाला पोचली आणि वळली. तिचा चेहरा बघून लूपेला भीती वाटली नाही. उलट ओळखीचा वाटला; नाक तेवढं वेगळं होतं. त्या पोरीने हात वर केला, आणि शाळेच्या फाटकाशी एसेता रोज म्हणायची त्याच सहज, हसऱ्या सुरात ओरडली.

"नोफो आ, लूपे!"

आणि लूपेच्या तोंडून, श्वासासारखं, विचाराच्या आधी, अगदी बिनचूक उच्चारात आलं.

"अलू आ!"

एसेताचा हात तिच्या दंडावर पडला, तोवर उशीर झाला होता. साखळ्या खडखडल्या, फळी उचलली गेली. बोट आणि धक्का यांच्यात हिरवं पाणी रुंद होत गेलं. लूपे ओरडली, काय ओरडली ते भोंग्यात विरलं. लोक रुमाल हलवत होते, बोटीकडे बघून. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. दुकानदारीण डोळे पुसत म्हणाली, "गुणाची पोर. गेली बिचारी." लूपे तिच्या शेजारीच उभी होती.

बोट प्रवाळाच्या कडेबाहेर पडेपर्यंत आत्या उभी राहिली. मग तिने लूपेचा हात धरला. तळहात कोरडा आणि उबदार होता.

"चल," ती म्हणाली. "डुकरांना घालायचंय."

*

बापाचा फोन आला तेव्हा आत्या पानं विणत होती. तिने फोन मांडीवर ठेवून आवाज मोठा केला.

"अक्का, तुमचे उपकार कसे फेडू?" बापाचा आवाज आनंदाने फाटला होता. "ही माझीच पोर का, असं वाटतंय. केस काय वाढलेत! सकाळी उठून अंगण झाडते. आणि आपली भाषा, अक्का, आपल्या आईसारखी बोलते! मी कामावर निघताना 'बाय' म्हटलं, तर मलाच ओरडली. म्हणे, बाबा, जाणाऱ्याचा शब्द वेगळा असतो."

मागून एक पोरगी हसली. आत्याने डोळे मिटले आणि ते हसणं संपेपर्यंत मिटूनच ठेवले.

"बाबा," लूपे म्हणाली. ती समोरच्याच चटईवर बसली होती. "बाबा, मी इथे आहे."

"तिकडे वारा फार सुटलाय वाटतं," बाप म्हणाला. "आवाज येतोय."

एसेता उठून परसात गेली. ती आता लूपेशी बोलत नसे. आधी रडायची, मग तिच्याकडे बघायचं टाळायची. हल्ली तिला खरंच दिसत नसावं असं लूपेला वाटे. आत्या मात्र रोज तिचं पान वाढत होती. लूपे खात होती की नाही हे तिचं तिलाही नीट आठवत नसे.

सोमवारी आत्याने खराटा घेतला, वाळूची बादली उचलली. लूपे तिच्याबरोबर गेली. वाटेत पेसीच्या ओट्यावर आत्या थांबली नाही, पण पेसीने हातातली पानं खाली ठेवली आणि दोघी पुढे जाईपर्यंत ती मान खाली घालून बसली.

कबरीची गोधडी आत्याने बदलली होती. नवी, निळी, कडेला चाफ्याची नक्षी. पाटी तीच, नाव बदलायची गरज नव्हती. आत्याने पाला झाडला, वाळू ओतली, हाताने सारखी केली. लूपे बसून बघत होती. वाळूत तिने बोट घातलं. वरची वाळू उन्हात पांढरीफेक पडली होती, पण तिच्या बोटाला ती तापलेली लागली नाही. आतून-बाहेरून सारखीच थंड होती.

काम झाल्यावर आत्या उठली, लुंगी झटकली. मग वाकून लूपेच्या दोन्ही वेण्या सोडल्या, केस खांद्यावर मोकळे केले आणि फिती आपल्या मुठीत घेतल्या.

"नोफो आ, लूपे," ती म्हणाली.

लूपे उठली नाही. उठायचं का आणि कुठे जायचं, हे तिला सुचलं नाही. आत्या पायवाटेने चालू लागली, वाटेच्या अगदी मधून. शेजारी कुणासाठी जागा सोडायची आता गरज नव्हती.

"अलू आ," लूपे म्हणाली. स्पष्ट, सुरात. या वेळी तिचं काही चुकलं नव्हतं.